टेम्पोतला वास

बायडाबाईनं गादी उचलून हुंगली, उलटी करून हुंगली आणि टेम्पोच्या बाहेर टाकली. गोधड्या, कांद्याची पिशवी, भाकरीचं टोपलं आधीच बाहेर गेलं होतं. टेम्पो रिकामा झाला. वास तिथंच होता.

"उंदीर मेला असंल," ती म्हणाली. "पत्र्यामागं बघ की रे."

"पत्रा काढून बघितला, आई. न्हाई उंदीर," बंकट म्हणाला.

"मग दुधाचा असंल. नासकं दूध लई घाण मारतं."

टेम्पो आधी दूध संघाचा होता. संघानं मोडीत काढल्यावर संघातच ड्रायव्हर असलेल्या तिच्या मुलानं, बंकटनं, तो घेतला. आत दोन बाकडी टाकली, पाण्याची टाकी बसवली, बसल्या जागी हात धुता येतील असं बुटकं बेसिन लावलं. आईबापाला समुद्र दाखवायचा होता. पाऊस पडला नाही. आता टेम्पो पाटोद्याजवळ, सोसायटीच्या चारा छावणीत उभा होता. बाहेर दोन बैल आणि एक गाय, आत म्हातारा-म्हातारी.

म्हातारा, आश्रुबा, बाकड्यावर बसून होता. आतलं सगळं बाहेर निघालं, तेवढा तोच राहिला होता. पट्टी बांधलेला पाय त्यानं धोतराखाली ओढून घेतला. त्याला साखरेचा आजार होता आणि जखम भरत नव्हती. त्याच्या थोरल्या भावाच्या पायालाही आधी वास सुटला होता. मग गुडघ्यापासून पाय काढला.

याबद्दल टेम्पोत कुणी बोलत नव्हतं. उंदीर सापडावा, एवढंच बायडाबाईला वाटत होतं.

शेजारच्या दावणीवरची कडूबाई दारात येऊन डोकावली. "सगळं हुंगून झालं व्हय? आन म्हाताऱ्याला हुंगलंस का?" ती हसली.

"तू तुझी म्हस बघ," बायडाबाई म्हणाली. तिचा आवाज ऐकून कडूबाईचं हसू विरलं. काय चुकलं ते तिला कळलं नाही. ती दारातच थांबली.

बंकट गाडीखाली शिरला. बेसिनातलं पाणी ज्या डब्यात उतरायचं, त्याचं झाकण त्यानं उघडलं आणि तोंड फिरवलं.

"हाच! हाच वास हाय. पर वर कसा येतोय? नळी तर कुठं फुटली न्हाई."

तो आत आला, बेसिनापुढं उकिडवा बसला. खालची नळी म्हशीच्या शिंगासारखी वाकलेली होती. त्यानं ती बोटानं वाजवली. पोकळ वाजली.

"आई, ह्यात पाणी कधी ओतलंतं?"

"ह्यात? कावून ओतू? छावणीत आल्यापासनं समदं घमेल्यात धुते. ते पाणी गाय पिती."

"तिथंच घोळ झालाय. मिस्त्री म्हणलाता, ह्या वाकात पाणी उभं राहतं, तेच खालच्या वासाला बूच. आपलं बूच वाळलंय. तांब्याभर ओत."

बायडाबाईनं तांब्या भरून घेतला आणि बाहेर बघितलं. टँकरपुढं घागरींची रांग लागली होती.

"प्यायचं पाणी मोरीत ओतू? बाया काय म्हणतील?"

"ओत," आश्रुबा म्हणाला.

तिनं तांब्या कलता केला, मग थांबली. "पाय घ्या हिकडं. वाया कशाला घालू?"

"बेसिनात पाय? ह्यात माणसं तोंड धुत्यात."

"तुमच्या तोंडापरीस बरा हाय. घ्या म्हणते ना."

त्यानं पाय बेसिनात ठेवला. दाराबाहेर बघतच तिनं पट्टी सोडली आणि बारीक धार धरली. पाणी पायावरून भोकात गेलं. नळी गुडगुडली, दोन घोट घेतल्यागत वाजली आणि गप झाली.

बंकटनं भोकाशी नाक नेलं. "बंद झाला! आई, वास बंद झाला."

बायडाबाईनं मग खाली बघितलं. जखमेच्या कडा काळ्या नव्हत्या, गुलाबी होत्या. मुठीतली पट्टी तिनं नाकाशी धरली, बाजूला केली, पुन्हा धरली.

"मला काय बी कळंना," ती म्हणाली. "नाकात तोच बसलाय." तिनं पट्टी दाराकडं केली. "कडू, तू बघ."

"पट्टीचा वास घेऊ? कावून गं?"

"घे."

कडूबाईनं हुंगलं. "औषधाच्या पावडरीचा येतोय. दुसरा कशाचा न्हाई."

"नीट बघ."

कडूबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग बेसिनातल्या पायाकडं. तिनं पट्टी पुन्हा नाकाशी धरली. या वेळी डोळे मिटून, सावकाश.