दादाची गाडी निघाली

"आई, मी क्लासहून किती वाजता घरी येते?" हिंमत असेल तर विचारून दाखव, असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या, म्हणून मी विचारलं.

"येतेस की सात-साडेसातला," आई म्हणाली. मी रोज पावणेसातला येते.

दादाने नवी गाडी घराच्या सिस्टिमला जोडल्यापासून ती ऑफिसातून निघाली की स्वयंपाकघरातला स्पीकर कळवतो, त्याच्या खोलीतला एसी सुरू होतो आणि आई तवा तापवते. मी डब्यातली गार पोळी खाते आणि जळते.

"माझी सायकलपण जोड ना," मी म्हटलं.

"सायकल काय सांगणार घराला, चेन पडली म्हणून?" दादा हसला. बाबाही हसले.

मग मी जाहीर केलं, "आईबाबा, उद्यापासून मी बेल वाजवणार नाही. 'ही अजून कशी आली नाही' असं तुम्हाला वाटेपर्यंत जिन्यात बसणार."