डुगडुगत्या खुर्च्या

विरंगुळा केंद्र चालवणाऱ्या बाईंनी आजी-आजोबांसाठी बारा नव्या खुर्च्या मागायला धर्मादाय प्रतिष्ठानाकडे तिसऱ्यांदा अर्ज केला होता. अकरा पानं, डुगडुगत्या पायांचे फोटो, खुर्चीवरून पडलेल्या आजींच्या मनगटाचा एक्स-रे. आज पाहणीला साहेब आले. एकेका खुर्चीवर बसून मागेपुढे झुलले. एकही खुर्ची हलेना. "उत्तम आहेत की!" म्हणत अर्जावर 'गरज नाही' असा शेरा मारून चालते झाले. बाईंचं डोकं फिरलं. खुर्च्या बऱ्या झाल्या कशा? तेवढ्यात केंद्रातले सुतारआजोबा बोटांवरचा वाळका गोंद खरवडत हसत आले. "पाहुणे येणार कळल्यावर दोन दिवस खपलो, ताई. पाचरी ठोकल्या, गोंद भरला. महिनाभर तरी काढतील. परक्या माणसासमोर आपली लाज राखली!" तीच लाज तर बाईंनी अकरा पानांत पुराव्यानिशी मांडली होती. त्या धपकन खुर्चीत बसल्या. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.