गोठ्यातली रेघ

धरणातून किती पाणी सुटले ते टाकले, की सायखेड्याला बहिणीच्या गोठ्यात किती फूट चढेल हे माझा जावा प्रोग्रॅम सांगत असे. पण मोबाइलवर तो चालत नव्हता. म्हणून नाशिकला बसून मी तो वेबअसेंब्लीत, म्हणजे मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालेल अशा रूपात, कंपाइल केला; एकदा उघडलेले पान रेंज गेल्यावरही चालणार होते. गोठ्यात भाचीने ते मोबाइलवर उघडले. “मागच्या महापुराचा विसर्ग टाक,” मी फोनवर म्हणालो. “मामा, पाणी आत्ताचं येतंय, तवाचं नाय.” “उत्तर ठाऊक असलेलं गणित आधी.” तिने टाकले. “साडेचार फूट.” “भिंतीवरची त्या पुराची रेघ मोज.” मोजपट्टी खरखरली. “तेवढीच हाय.” “आता भोंग्यावर सांगितलेला आजचा विसर्ग टाक.” तिने टाकला. “मामा, रेघ बुडणार.” मग गायींच्या साखळ्या एकेक करून सुटल्याचा आवाज आला, आणि रेंज गेली.