सांडलेला उजेड

पेण-रोहा एसटीडी फोनसाठी पुरलेल्या नव्या काचेच्या तारेत उजेड कुठेतरी सांडत होता. टेलिफोन खात्यातल्या नूतनने गणित मांडलं. तार सरळ असली की उजेड आतल्या आत आपटत पुढे जातो, तिला मुरड पडली की बाहेर निसटतो. हिशेब खाडीकाठच्या बांधापाशी येऊन थांबला. नकाशात तिथे रेघ सरळ होती.

खणलं, तर तार एका चपट्या दगडाला वळसा घालून गेलेली.

"मावशी, चर तुम्हीच खणला ना? मग इथे का वळवला?"

धोंडुबाई दगडावरची माती पदराने पुसत म्हणाली, "माझी शकू हाय हितं. दोन वर्सांची व्हती. येवढ्या पोराला जालत नाय, पुरतात."

नूतन हळूच म्हणाली, "दगडाला हात नाही लावत. तार तेवढी लांबून, मोठ्या वळणाने नेऊ, म्हणजे उजेड सांडणार नाही."

"हितंच सांडतो त्यो?"

"हो. पण डोळ्यांना दिसत नाही."

"तुमच्या डोल्यांना नाय दिसत," धोंडुबाई म्हणाली. "र्‍हाऊ द्या ना, ताई. अंधाराला भ्यायची ती. पुरल्यावर बी रोज रडायची. तुमची तार आली, तवापासून गप निजते."