विसाव्याचा दगड

चंदनची तिरडी वाटेतल्या विसाव्याच्या दगडाजवळ खाली ठेवली. खांदे बदलले, सगळ्यांनी शेवटचं तोंड पाहून घेतलं. बायकांनी तिथवर जायचं नसतं, म्हणून त्याची आई सखूबाई अंगणातच राहिली.

वर्ष झालं. चंदनची बायको मोहिनी आता दर रविवारी नालवाडीच्या चर्चमध्ये जाते.

"काऊन जातं वं तिथं?" सखूबाईने एकदा विचारलं.

"तिथं विसावा भेटते, आत्याबाई."

पुढच्या रविवारी प्रार्थना सुरू असताना सखूबाई चर्चच्या दारात येऊन उभी राहिली. पदरात शेतातली झेंडूची फुलं होती. पास्टर लगबगीने पुढे आले. "या आजी, आत या. इथं विसावा आहे."



"मंग आता तरी मले माह्या चंदनचं तोंड पाहू द्या, बाबा."