ऑगस्टातला कार्निव्हल

शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला होता. फिरत्या सिनेमावाल्यानं भिंतीवर चादर ताणली, बाहेर ट्रकवरचा जनरेटर खोकत सुरू झाला, आणि बासिलिया सारापुराला वाटलं, उठावं आणि सरळ घर गाठावं. पण दारापाशी एर्मिनिया बसली होती. तिला ओलांडून जायची बासिलियाची छाती नव्हती.

एर्मिनिया बासिलियाच्या लेकीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. आई आणि धर्ममाता अशा दोघी एकमेकींना जन्मभर ‘कोमाद्रे’ म्हणतात. वर्ष उलटून गेलं, एर्मिनिया तिला नुसतं ‘बाई’ म्हणत होती.

सगळं या सिनेमापायी. टेलिव्हिजनवर बासिलिया दोनदा गाऊन आली होती, पार ब्युनोस आयर्सला जाऊन, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. एक तर त्यांच्या कोरालितो गावात टेलिव्हिजनच नव्हता, आणि दुसरं म्हणजे टेलिव्हिजनवर तिनं हिवाळ्यात हिवाळ्याचीच गाणी म्हटली होती. गावात शूटिंगला आलेल्या सिनेमावाल्यांना मात्र फेब्रुवारीतला कार्निव्हल हवा होता, आणि तोही पासष्ट सालच्या ऑगस्टात, ऐन हिवाळ्यात. कार्निव्हलची गाणी सैतानाच्या बाहुल्याबरोबर जमिनीतून उकरून काढायची आणि उत्सव संपला की त्याच्याबरोबरच पुरून टाकायची. एरवी ती कोणी तोंडावर आणली तर पीक जातं, हे डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. बासिलियानं गालांना पीठ फासलं, डफली हातात धरली आणि कॅमेऱ्यापुढे नुसते ओठ हलवले. “आवाजाचं नंतर बघू,” दिग्दर्शक म्हणाला. नंतर काय बघणार, हे तिनं विचारलं नाही.

नोव्हेंबरात, उन्हाळा तोंडावर असताना, एका पहाटे दव गोठलं आणि साऱ्या गावाचा कोवळा मका काळा पडला.

“मी गायले नाही गं,” बासिलियानं सांगून पाहिलं. “नुसतं तोंड हलवलं.”

“तोंड हलवलेलं बघायला एवढ्या लांबून माणसं येतात होय, बाई?” एर्मिनिया म्हणाली.

पुढच्या कार्निव्हलला बायकांनी हातात हात गुंफून गाण्याचं रिंगण धरलं, तेव्हा बासिलियासाठी कोणी जागा केली नाही. ती चुलीपाशी बसून भिंतीपलीकडची गाणी ऐकत राहिली. चुलीवरचे बटाटे करपले तरी तिला उठवेना. आता पुन्हा कार्निव्हल तोंडावर आला होता आणि नेमका हा सिनेमा त्याच्याआधी येऊन थडकला होता.

चादरीवर घोडे धावले. डोंगरातला म्हणून कोणी एक गोरा नायक आला.

“हा बघा घोड्यावर कसा चढतोय,” मागून कोणीतरी म्हणालं, “शिडी मागवा रे त्याला.” सगळे हसले. बासिलिया हसली नाही. पुढे काय येणार ते तिला माहीत होतं.

आलंच ते. भिंतीएवढी बासिलिया, गालाला पीठ, हातात डफली. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून गाणं बाहेर पडलं. कार्निव्हलचं, शब्दन् शब्द.

आपण खरंच गायलो की काय, असं क्षणभर बासिलियाला स्वतःलाच वाटलं. अंधारात माना वळत होत्या. दारापाशी एर्मिनिया उठून उभी राहिली होती. भिंतीवरची बाई दुसरं कडवं म्हणू लागली.

“अगं बाई,” एर्मिनिया मोठ्यानं म्हणाली. “हा गळा कोणाचा?”

सगळे कान देऊन ऐकू लागले. आवाज गोड होता, नाजूक होता. या डोंगरातल्या बायकांचा सूर जिथं फाटतो आणि करडासारखी उडी मारून वर जातो, तिथं हा आवाज तेल लावल्यासारखा घसरत पुढे जात होता. पहिलं हसू दारापाशीच फुटलं. मग सगळी शाळा हसू लागली.

“बासिलियाचा आवाज इतका गोड असता, तर नवरा कशाला पळाला असता?” कोणीतरी म्हणालं.

सिनेमावाला गोंधळला. “राजधानीतल्या कुणा मुलीनं म्हटलंय,” तो म्हणाला. “सिनेमात असंच असतं. तोंड एकाचं, गळा दुसऱ्याचा. यांचा आवाज घेतलेलाच नाही.” मग त्यानं बासिलियाकडे पाहिलं. “वाईट वाटून घेऊ नका, बाई.”

वाईट? तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. ती हसत होती आणि हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसत होती.

“तेवढंच पुन्हा लावता का?” तिनं विचारलं.

तो रीळ मागे फिरवत होता तोवर एर्मिनिया माणसं ओलांडत पुढे आली आणि तिला ढकलून बाकावर शेजारी बसली.

“डफली कुठंय तुझी, कोमाद्रे? उंदरांनी कुरतडली की काय?”

“खुंटीला आहे,” बासिलिया म्हणाली.

“मग गुरुवारी रिंगणाला घेऊन ये. माझ्या उजव्या हाताला उभी राहा. डावीकडची बेसूर गाते.”

चादरीवर ती बाई पुन्हा गाऊ लागली आणि लोक पुन्हा खिदळू लागले. या वेळी एर्मिनिया हसली नाही. बासिलियाच्या गुडघ्यावर हात ठेवून ती गाणं शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“ऑगस्टात गायली बिचारी,” ती हळूच म्हणाली. “कोणी सांगितलंही नसेल तिला. तिच्या घरचा मका वाचला असेल का गं?”