साबणाची डबी

ताईंनी मुलीची पिशवी उपसली नाही. उशीखाली हात घातला नाही. त्या सरळ खिडकीजवळ गेल्या, तिथली हिरवी साबणाची डबी उचलली आणि झाकण काढलं. आत साबण नव्हता. कागदात गुंडाळलेल्या पांढऱ्या गोळ्या होत्या. त्यांच्या कडा तेवढ्या विरघळल्या होत्या.

“घ्या,” ताई म्हणाल्या. “आता सांगा, मी गोळ्या दिल्या होत्या की नाही?”

मुलीची आई दारातच उभी होती. निरोप मिळाल्याबरोबर ती मिळेल त्या गाडीनं आली होती आणि आल्या आल्या तिनं ताईंना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. “तुमच्या भरवशावर पोरीला सहलीला धाडलं. रोजची एक गोळी द्यायला जमली नाही तुम्हाला? वर्षभर झटका आला नव्हता हो तिला!”

ताईंना ते फार लागलं होतं. मुलांच्या सहली नेऊ लागल्यापासून त्यांच्या हातून औषधाची गफलत कधी झाली नव्हती. निघतानाच त्या आयांकडून सगळी औषधं घेत आणि स्वतःच्या कुलपात ठेवत. न्याहारी झाली की ताटावर चमचा वाजवून मुलांना रांगेत उभं करत. एकाची गोळी दुसऱ्याला जाऊ नये म्हणून नावानं नाही, दुखण्यानं हाक मारत. “दमेवाला, पुढे ये. खरूजवाला, तू कुठं लपलास? झटकेवाली, चल गं, आ कर.” मुलं खो खो हसत. ताईही हसत. हसतखेळत घेतलेलं औषध लवकर लागू पडतं, असं त्या म्हणायच्या.

काल ओढ्याकाठी झटकेवाली हातातल्या चेंडूसकट कोसळली. कुणी तोंडावर पाणी मारायला धावलं, कुणी दातांत चमचा घालायला. ताईंनी सगळ्यांना मागे रेटलं. मुलीला कुशीवर वळवलं, आपली शाल तिच्या डोक्याखाली सरकवली आणि झटका ओसरेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या.

“तुम्हाला बरं सगळं ठाऊक!” सहलीबरोबर आलेली स्वयंपाकीण नंतर म्हणाली.

“वाचलंय कुठंतरी,” ताई म्हणाल्या.

आता डबीतल्या गोळ्या बघून आईचा चेहरा उतरला. तिनं मुलीचा दंड धरला. “जिभेखाली धरून ठेवायचीस होय गं? आणि मी या माउलीला वाट्टेल ते बोलले!” तिला रडू फुटलं. तिनं ताईंपुढे हात जोडले. “चुकलं माझं. पोटात घाला.”

ताई “असू दे” म्हणाल्या. पण लगेच नाही. दारात जमलेल्या सगळ्यांनी आईचं बोलणं ऐकलं, हे आधी त्यांनी पाहून घेतलं.

मग त्या मुलीसमोर बसल्या. आवाज मऊ केला. “बाळा, यात लाजायचं काय? दुखणं म्हणजे काय चोरी आहे? चारचौघांत ताठ मानेनं गोळी घ्यायची.”

मुलगी पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत राहिली.

स्वयंपाकीण डबी उलटसुलट करून बघत होती. “ते सगळं खरं. पण ताई, खोलीत एवढा पसारा, आणि तुम्ही नेमकी डबीच कशी हो उचललीत? वास आला की काय?”

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्या उठून डबी घ्यायला गेल्या, पण तेवढ्यात मुलीनं मान वर केली. तिला चहाडी करायची नव्हती. आपल्यामुळे ताईंना आधीच खूप बोलणी बसली होती, निदान आता तरी त्यांची बाजू घ्यावी, असं तिला वाटलं.

“ताईंना कळणारच ना,” ती म्हणाली. “माझा साबण संपला म्हणून मी त्यांचा घ्यायला गेले होते, तेव्हा बघितलं. माझ्या गोळ्या आहेत ना, त्याच गोळ्यांचं पाकीट त्यांच्या पण डबीत असतं.”